बुधवारचा शिवणक्लास

दोन महिने शिवणक्लासला जाऊनही जीनाने घरात साधी उशीची खोळ शिवून आणलेली नाही, हे आग्नेसबाईंच्या लक्षात यायला तसा उशीरच झाला. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत पाचवीचा वर्ग सांभाळला होता. पोराने खिशात चिंच लपवली आहे की चिठ्ठी, हे त्यांना त्याच्या चालण्यावरून कळायचं. पण हा मे महिना. वाडीतले केळीचे घड उतरवायचे, लोणचं घालायचं, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांचं बघायचं. त्या गडबडीत सुनेच्या क्लासकडे लक्ष द्यायला त्यांना फुरसत झाली नव्हती. सोमवारी सकाळी विळीवर कैऱ्या चिरता चिरता त्या मधेच थांबल्या.

"जीना, क्लासला दोन महिने झाले ना गं?"

"हो आई. परवा होतील."

"मग दाखव बघू काहीतरी. झबलं, परकर, पिशवी, काय शिवलंस ते."

जीना उंबऱ्यात बसून ॲनिशाच्या केसांना रबर लावत होती. तिने ते इतकं आवळलं की पोरगी ओरडली.

"तिकडेच ठेवलंय सगळं," ती म्हणाली. "क्लासचं कपाट आहे."

"असं," आग्नेसबाई म्हणाल्या आणि पुन्हा विळीवर वाकल्या. त्या एका 'असं'पुढे पाचवीचे वर्गच्या वर्ग गार पडलेले होते.

अर्ध्या तासाने जीना पाणी प्यायला आत गेली, तर सासूबाई आपल्या औषधांच्या डब्यापुढे उभ्या. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पाकिटं हातात धरून त्या एकेक गोळी बोटाने चाचपत होत्या. जीनाला पाहून त्यांनी डबा मिटला नाही. मिटला असता तर बरं झालं असतं, असं जीनाला वाटलं.

ह्या सगळ्याची सुरुवात झाली ती ॲनिशाच्या जन्मापासून. सिझेरियन झालं, मग जीनाची कंबर धरली, मग डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या, पाच दिवसांच्या. पाच दिवसांनी दुखणं कमी झालं, गोळी मात्र हवीशीच राहिली. कारण ती नुसती कंबरेपुरती नव्हती. बाळ श्वास घेतंय ना, दूध पुरतंय ना, पंखा वरून पडणार नाही ना, असं जे जीनाच्या डोक्यात अखंड चालू असायचं, ते गोळी घेतली की कुणी रेडिओचा आवाज कमी करावा तसं खाली यायचं. मायक्रोबायोलॉजी शिकलेली मुलगी. गोळीत काय असतं ते तिला चांगलं माहीत होतं. माहीत असूनही ती तीन वेगवेगळ्या दुकानांतून गोळ्या आणू लागली आणि वर्ष-दीड वर्षात दिवसाला चौदापर्यंत पोचली.

त्यांच्या भुईगावच्या जुन्या वाड्यांमध्ये गोड्या पाण्याचं छोटं तळं असतं. विहिरीपेक्षा पसरट, कडेने दगडी पायऱ्या. बावखल म्हणतात त्याला. केळी आणि चाफा त्याच्यावरच जगतात. जानेवारीअखेरच्या एका दुपारी ॲनिशा त्या बावखलाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसलेली आग्नेसबाईंना सापडली. जीना तेव्हा पुढच्या खोलीत झोपली होती. नुसती झोपली नव्हती. तिला उठवायला दहा मिनिटं लागली. त्या संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, रुडॉल्फने, घर धुंडाळलं आणि तांदळाच्या डब्यातून रिकाम्या पाकिटांची पिशवी निघाली.

मग एकवीस दिवस हॉस्पिटल. गावात सांगितलं, पाठीच्या दुखण्यासाठी नेलंय. ती घरी आली त्या दिवशी आग्नेसबाईंनी तिला पाव आणि गरम मटणाचा रस्सा वाढला आणि म्हणाल्या, "झालं ते संपलं. ह्या घरात तो विषय पुन्हा नको." जीनाला ते बोलणं तेव्हा औषधासारखं लागलं. रुडॉल्फने बावखलाभोवती जाळीचं कुंपण घातलं, त्याला फाटक केलं, फाटकाला कुलूप. विषय खरंच कुणी काढला नाही.

फक्त एक झालं. आग्नेसबाई चर्चमध्ये मिस्साला निघाल्या की शेजारची इनेझ हातात विणकाम घेऊन यायची. "सहज आले गं." बाजाराला निघाल्या की इनेझ यायची. सहज. ॲनिशाला अंघोळ घालताना न्हाणीघराच्या दारात कुणीतरी सहज उभं असायचं. चार महिन्यांत जीना आपल्या मुलीबरोबर एकटी अशी पाच मिनिटंही राहिलेली नव्हती, आणि हे असं ठरलंय असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आता तर फ्रिजवर चुंबकाखाली एक फॉर्म लागला होता. मालाडच्या नर्सरीचा. रुडॉल्फची बहीण नॅन्सी तिथे राहायची. "जूनपासून ॲनिशाला माझ्याकडे ठेवा, शनिवार-रविवार तिकडे येईल," असं ती म्हणाली होती. "शाळा चांगली आहे म्हणून हो." फॉर्मवर अजून कुणी पेन टेकवलं नव्हतं, पण तो फ्रिजवरून खालीही उतरत नव्हता. दूध काढायला फ्रिज उघडताना जीना त्याच्याकडे बघायची नाही.

हॉस्पिटलमधून निघताना तिथल्या समुपदेशक बाईंनी तिला एक चिठ्ठी दिली होती. "गोळ्या सुटल्यात, डोकं सुटलेलं नाही," त्या म्हणाल्या होत्या. "ह्यातून गेलेलीच माणसं दर आठवड्याला एकत्र बसतात. फी नाही, डॉक्टर नाही. तिथे जा. एकटीने ओढू नकोस."

चिठ्ठीवर तीन पत्ते. पहिला घरापासून दोन किलोमीटरवर, चर्चच्या हॉलमधला. तिथे नुसती स्कूटर लावली असती तरी संध्याकाळच्या रोजरीच्या प्रार्थनेपर्यंत अख्ख्या आळीला कळलं असतं. दुसऱ्या ठिकाणी फोन केला तर एक वैतागलेला माणूस म्हणाला, "मॅडम, तो नंबर आता आमच्या फर्निचरच्या दुकानाचा आहे. सोफा पाहिजे तर बोला." तिसरा विरार पूर्वेला, फुलपाड्यातला. बुधवार, चार वाजता.

निर्मळ, सोपारा, मग पूल ओलांडून पूर्वेला. मार्चमधल्या शेवटच्या बुधवारी तिला पोचायला तास लागला. एका सोसायटीच्या मागच्या अंगाला दुमजली बांधकाम होतं. खालच्या खोलीत बायका बसलेल्या दिसल्या आणि बायका दिसल्या म्हणून तिला इतकं हायसं वाटलं की ती सरळ आत जाऊन बसली. मग शिलाई मशिनं दिसली.

"नवीन का? टेप आणलीये?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

आपण चुकलो हे जीनाला तिथल्या तिथे कळलं. पण उठायचं म्हणजे दहा बायकांसमोर विचारायचं, की नशा सोडलेल्यांची सभा कुठे असते हो? तिने मान हलवली, टेप नाही म्हणाली, दुसरीची टेप घेतली आणि बावीस मिनिटं निमूटपणे वर्तमानपत्रावर झबल्याची आकृती काढली. बाहीची गोलाई सुद्धा काढली. शेवटी बाई तिच्याजवळ येऊन वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "वरच्या खोलीत जायचं होतं का?"

जीनाचे कान तापले.

"अगं, होतं असं. बुधवारी कुणी ना कुणी चुकून माझ्याकडे बसतंच. मागे एक दाढीवाला काजं करायला शिकून गेला. छान करायचा." ह्या मीराबाई. त्यांनी कागदाची आकृती घडी करून तिच्या हातात दिली. "असू दे, घेऊन जा. जिना बाहेरून आहे."

वरच्या खोलीत सोसायटीच्या गणपतीचं सामान, एका कोपऱ्यात ढोल, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांचं कडं. अकरा माणसं, त्यांत बाई एकच. साठीकडे झुकलेली, कानात जड सोनं, पायाशी मासळीची रिकामी पाटी.

"ये, बस," ती म्हणाली. "मी सालोमी. राजोडीची. तू कोनाची गं?"

वसईत हा प्रश्न चुकत नाही. नाव सांगितलं की आळी, आळी सांगितली की घर, घर सांगितलं की सासरा काय करायचा तेही समोरचा सांगतो. जीनाने पुन्हा दाराकडे पाहिलं. तेवढ्यात त्या बाईनेच स्वतःच्या तोंडावर हात मारला. "सांगू नको, सांगू नको! इकडे कोनाची ते विचारत नाय. सात वरसं झाली तरी माझी जीभ वळतेच. नुसतं नाव सांग, बाय."

"जीना."

"बस झालं."

त्या दिवशी ती काही बोलली नाही. एकेक जण बोलत होता, बाकीचे ऐकत होते. मधे कुणी तोंड घालत नव्हतं, कुणी शहाणपण शिकवत नव्हतं. बस कंडक्टर असलेला जयवंत चार महिन्यांपूर्वी कुठे घसरला ते सांगत होता, आणि सगळे माना डोलावत होते, जणू तो भाजीचा भाव सांगतोय. जीनाला वाटलं, अरे, हे सगळं बोलता येतं तर. घरी येताना तिने स्कूटर कुठेही थांबवली नाही. चाळीस मिनिटांत औषधाच्या एकाही दुकानाच्या पाटीकडे तिचं लक्ष गेलं नाही.

आग्नेसबाई अंगणात उभ्या होत्या. "कुठे होतीस गं?"

जीनाच्या हातात ती झबल्याची आकृती होती. "शिवणक्लास लावलाय, आई. फुलपाड्याला."

इतकं सोपं होतं ते.

रुडॉल्फला तिने रात्रीच खरं सांगितलं. तो अंधेरीहून दमून आलेला, पण उठून बसला, तिचा हात धरून म्हणाला, "जात राहा. आईला मात्र आत्ता नको. तिला वाटेल, अजून संपलेलं नाही." सालोमीला शिवणक्लासची थाप सांगितली तेव्हा मात्र ती हसली नाही. "खोटं पन गोळीच हाय, बाय," एवढंच म्हणाली. "आज अर्धी घेशील, उद्या पुरी." जीनाला ते पटलं होतं. पण पटणं आणि सासूसमोर उभं राहणं ह्यांत भुईगाव ते फुलपाडा एवढं अंतर होतं.

आणि आता ह्या सोमवारी आग्नेसबाई औषधांचा डबा उघडा ठेवून तिच्याकडे बघत होत्या.

"मोजा, आई," जीना म्हणाली. आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिलाच नवल वाटलं. "एकही कमी नसणार."

"मग क्लास कुठे आहे?"

"क्लास खालच्या मजल्यावर आहे. मी वरच्या मजल्यावर जाते."

तिने सगळं सांगितलं. चिठ्ठी, फर्निचरचं दुकान, झबल्याची आकृती, खुर्च्यांचं कडं. नावं तेवढी गाळली. आग्नेसबाई ऐकत होत्या, पण त्यांचा चेहरा मिटत चालला होता.

"म्हणजे अजून चालूच आहे."

"चालू नाही म्हणून तर जाते."

"बरं झालेलं माणूस हॉस्पिटल सोडतं, जीना. परत परत त्याच माणसांत जाऊन बसत नाही."

"तुमचं प्रेशर आता नॉर्मल आहे ना? मग गोळी सुटली का?"

सासूबाईंना उलट बोलायची ह्या घरात पद्धत नव्हती. आग्नेसबाई चिडल्या की शाळेतली मराठी सोडून घरच्या बोलीवर यायच्या. जीना त्याचीच वाट बघत होती. पण त्यांनी डब्याचं झाकण लावलं, तो वरच्या फळीवर ठेवला आणि शाळेतल्याच मराठीत म्हणाल्या, "दोन महिने तू माझ्याशी खोटं बोललीस. आता तू सांगतेस ते खरं कशावरून? नॅन्सीला मी शनिवारी फॉर्मचं कळवणार आहे. त्याआधी मला ती खोली बघायची."

जीनाने सालोमीला फोन लावला. सालोमी बाजारात होती, मागे बोंबलाच्या भावावरून भांडण चाललं होतं. "आन की सासूला!" ती ओरडली. "महिन्याचा शेवटचा बुधवार हाय. घरच्यांना चालतं. आन हॉस्पिटलातून निघाल्याला तुझे नव्वद दिस भरतात ना? बरंच झालं. दोन पक्षी..." मग गिऱ्हाईक आलं आणि फोन तुटला.

बुधवारी इनेझ विणकाम घेऊन आली. आग्नेसबाई किरमिजी काठाची साडी नेसून, हेल्मेट घालून स्कूटरवर एका बाजूने बसल्या आणि निर्मळपासून विरारपर्यंत "डावीकडून घे", "हॉर्न दे", "त्याला जाऊ दे, मूर्ख आहे तो" असं करत आल्या. मीराबाईंच्या खिडकीपाशी त्या थांबल्या. आतली मशिनं, बायका, भिंतीवरच्या आकृत्या, सगळं नीट बघून घेतलं. मग जिना चढल्या.

त्या दारात उभ्या राहिल्या मात्र, समोरचे तिघे ताडकन उठले. खुर्चीचा आवाज झाला, एकाच्या हातातला चहा सांडला.

"गुड आफ्टरनून, बाई."

तिघंही चाळिशीच्या आसपासचे, एकाचे केस गेलेले. हात मात्र शाळेत असतात तसे पायांना चिकटलेले.

"बाई, मी संग्राम," मधला म्हणाला. "पाचवी ब. तुम्ही मला बाकावर..."

"इथे ओळख सांगायची नसते म्हणे," आग्नेसबाई म्हणाल्या. "बस खाली."

तिघेही बसले. सालोमी पदर तोंडाला लावून हसत होती. जीनाला हसावं की जमिनीत जावं ते कळेना. गावापासून इतकं लांब ती कुणाला कळू नये म्हणून आली होती, आणि सासूबाईंचा निम्मा वर्ग इथे बसला होता.

सभा सुरू झाली. जयवंत हळू आवाजात बोलायला लागला तशी आग्नेसबाईंनी मान वर केली. "मोठ्याने. मागे ऐकू येत नाही."

"बाई, मधे बोलायचं नसतं इथे," संग्राम कुजबुजला.

"बरं." त्यांनी हाताची घडी घातली. "पण मोठ्याने."

जयवंत मोठ्याने बोलला. मग संग्राम. ब्राउन शुगर सोडून त्याला सहा वर्षं झाली होती. "माझी आई रोज सकाळी चहा देताना माझे डोळे बघायची," तो म्हणाला. "तीन वर्षं. मला राग यायचा. मग एक दिवस ती न बघताच कप ठेवून गेली. मला आनंद व्हायला पाहिजे होता, तर मी घाबरलो. म्हटलं, आता कोण बघणार? त्या बुधवारी इथे येऊन सांगितलं, आईने बघायचं सोडलंय, आता तुम्ही बघा. तेव्हापासून हे लोक बघतात. आई बिचारी आता सिरियल बघते."

सगळे हसले. आग्नेसबाई हसल्या नाहीत. त्या संग्रामकडे बघत होत्या. त्या कुठल्या बाकावरच्या मुलाला शोधत होत्या कोण जाणे.

मग जीनाची पाळी आली. दोन महिने ती नाव सांगायची, दिवस सांगायची, 'आज ऐकते' म्हणायची. आजही तेवढंच म्हणता आलं असतं. शनिवार तीन दिवसांवर होता. ती आत्ता जे बोलणार होती, त्यानंतर फॉर्म भरला गेला असता तर तिला कुणाला दोष देता आला नसता.

"मी जीना. आज नव्वद दिवस झाले," ती म्हणाली. "माझी मुलगी पाण्यापर्यंत गेली त्या दुपारी मी झोपलेली होते, असं सगळे म्हणतात. डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं. मी पूर्ण झोपलेली नव्हते." तिने खुर्चीची कड धरली. "मला तिचे पैंजण ऐकू येत होते. ती खोलीतून गेली, ओटीवरून गेली, पायरी उतरली. पैंजण लांब लांब जात होते. मला कळत होतं की उठायला पाहिजे. आणि मी उठले नाही. मला फार बरं वाटत होतं, म्हणून. बस, एवढंच."

सालोमीने फक्त आपली पाटी पायाने थोडी बाजूला सारून खुर्ची जवळ ओढली. जयवंतने किल्ल्या अडकवायची एक लाल पट्टी जीनाच्या हातात दिली, नव्वद दिवसांची, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंकडे बघायचं धैर्य तिला झालं नाही. टाळ्यांमध्ये त्यांच्या बांगड्यांचा आवाज आहे का, तेवढं तिने ऐकायचा प्रयत्न केला, कळलं नाही.

परतीच्या वाटेवर आग्नेसबाई एकदाही "हॉर्न दे" म्हणाल्या नाहीत. निर्मळच्या तळ्यापाशी ताडगोळेवाला बसला होता. "थांब इथे," त्या म्हणाल्या. त्यांनी डझनभर सोलून घेतले, आणि दोघी तळ्याच्या कठड्यावर बसल्या. ऊन उतरत होतं. पाण्यात बदकं होती.

"पैंजण ऐकू येत होते?" आग्नेसबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"मला नव्हते येत." त्यांनी एका ताडगोळ्याचं पातळ साल काढलं आणि ते बोटांत धरूनच राहिल्या. "मी त्या दुपारी खोलीत डोकावले होते. तू पडली होतीस. तुझ्याकडे बघूनच मला कळलं, ही आज शुद्धीवर नाही. काही आठवडे कळत होतं मला. पोरगी खेळत होती. मी म्हटलं, दोन मिनिटांत घड उतरवून येते. माणूस आला होता ना केळी न्यायला. दोन मिनिटांची वीस झाली." त्यांनी तो ताडगोळा जीनाच्या हातावर ठेवला. "ही गोष्ट मी फादरांनासुद्धा सांगितलेली नाही. कन्फेशनला जाते, आणि दुसरंच काहीतरी सांगून येते."

चार महिने आपल्यावर रोखलेली ती नजर निम्मी आपल्यासाठी नव्हतीच, हे तिला सावकाश उमगत होतं. फुलपाड्याच्या त्या खोलीत लोक एकमेकांना धीर देत नसत. नुसती खुर्ची जवळ ओढत. ती सासूबाईंच्या शेजारी थोडी सरकून बसली. दोघींनी ताडगोळे खाल्ले. आग्नेसबाईंच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं, आणि जीनाने रुमाल पुढे केला.

"एक सांगून ठेवते," नाक पुसून त्या उठल्या. आवाज पुन्हा पाचवी 'ब'च्या वर्गातला. "खोटं बोललीस त्याची शिक्षा आहे."

"हो आई."

"दोन महिने क्लास, क्लास करत होतीस ना? आता कर. बुधवारी तीनला खाली, चारला वर. ॲनिशाचा फ्रॉक मला तुझ्या हातचा दिसला पाहिजे."

शनिवारी सकाळी त्यांनी नॅन्सीला फोन केला. त्या वाडीत उभ्या राहून बोलत होत्या, त्यामुळे जीनाला फक्त "नाही गं, इथली बालवाडी काय वाईट आहे?" एवढंच ऐकू आलं. दुपारी तिने बाहीची आकृती काढायला कागद मागितला, तर सासूबाईंनी फ्रिजवरचा फॉर्म काढून तिच्यापुढे टाकला. "मागची बाजू कोरी आहे."

फ्रॉकला तीन आठवडे लागले. मीराबाई म्हणाल्या, पहिल्याच्या मानाने बरा आहे. म्हणजे बरा नव्हता. डावी बाही उजवीपेक्षा बोटभर लांब, गळा जरा घसरलेला. पण कापड पिवळं होतं, त्यावर छोटी छोटी बदकं होती, आणि ॲनिशाने तो अंगावरून काढूच दिला नाही.

जूनमधल्या एका शनिवारी, पाऊस अजून लागलेला नसताना, संध्याकाळच्या मिस्साची वेळ झाली. आग्नेसबाई डोक्यावर पदर घेऊन निघाल्या. जीना ओटीवर बसून कानोसा घेत होती. आता फाटक वाजेल, इनेझ येईल. फाटक वाजलं. इनेझ विणकामाची पिशवी घेऊन आत येत होती.

"सहज आले गं, जीना."

"तू कुठे चाललीस?" आग्नेसबाईंनी तिला अंगणातच अडवलं.

"इकडेच की. तू मिस्साला जाणार ना, म्हणून..."

"मग तू पण चल मिस्साला. दर शनिवारी चुकवतेस. फादर काय म्हणत असतील?"

"अगं, पण..." इनेझने ओटीकडे पाहिलं, मग आग्नेसबाईंकडे पाहिलं.

"पण काय? जीना आहे ना घरात." त्यांनी इनेझचा दंड धरला आणि तिला विणकामासकट वळवलं. फाटकापाशी मात्र त्या थांबल्या. परत आल्या. कंबरेची किल्ली सोडवली आणि ओटीच्या कठड्यावर ठेवली. बावखलाच्या फाटकाची. "चाफ्याला पाणी घालायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "जमलं तर घाल." जीनाकडे न बघताच त्या निघाल्या. दोघींची बडबड गल्लीतून लांब जात जात ऐकू येईनाशी झाली.

घर एकदम शांत झालं. जीनाच्या डोक्यात पुन्हा सुरू झालं. ते नेहमीचंच, पंखा, श्वास, पायरी, पाणी. तिने फोन काढला आणि सालोमीला लिहिलं, 'मी आणि ती, दोघीच आहोत घरात. बघत राहा.' लगेच उत्तर आलं. सालोमीला वाचता यायचं, लिहिता यायचं नाही. तिने मासळीच्या टोपलीचा फोटो पाठवला होता, आणि त्याखाली अंगठा.

"मम्मी, मासे," ॲनिशाने तिचा गाऊन ओढला. बावखलात छोटे मासे होते. चार महिने पोरगी ते जाळीबाहेरून बघत होती.

जीनाने किल्ली उचलली, लाल पट्टीत अडकवली, एका हाताने पोरीचा हात धरला, दुसऱ्या हातात बादली घेतली.

"आधी चाफ्याला पाणी," ती म्हणाली. "मग मासे. आणि हात सोडायचा नाही."

"तू पण नाही," ॲनिशा म्हणाली, आणि पैंजण वाजवत पुढे झाली, हाताला जेवढं जाता येत होतं तेवढीच.